स्केलिंगने (दातांवरचं कडक किटण काढल्याने) दात ढिले होतात म्हणणाऱ्या पेशंटला काय सांगता?

प्रश्न – हायजीन_दुसरंवर्ष (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरची, डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करते आहे. सध्या दुसरं वर्ष, रोज सकाळी ओपीडीत पोस्टिंग. इथे या क्षेत्रातले अनुभवी लोक आहेत म्हणून विचारते.

खुर्चीत बसल्या बसल्या पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सफाई से दाँत हिल तो नहीं जाएँगे?" देपालपूर, सांवेरकडचे शेतकरी असोत की आपल्या रामबागेतल्या काकू, भीती तीच. ज्यांच्या हिरड्या नुकत्याच सुजायला लागल्यात त्यांना मी बिनधास्त "नाही" म्हणते, कारण तिथे तेच खरं असतं. माझी अडचण बाकीच्यांची आहे.

परवा एक आजी आल्या होत्या. माहेर खानदेशातलं, मशेरीची सवय लग्नाच्याही आधीची. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटणाची सलग पट्टी होती, कुठला दात कुठे संपतो तेच कळेना. (लाळग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात, त्यामुळे किटण तिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त धरतं.) प्रोब (दात आणि हिरडीमधली खोली मोजायची बारीक सळई) काही ठिकाणी ६-७ मिलिमीटर आत गेला. निरोगी हिरडीत तो ३ च्या पुढे जात नाही. एक्स-रेमध्ये हाड बरंच खाली सरकलेलं. त्या दातांना एकमेकांशी बांधून धरलं होतं ते किटणानेच. ते काढलं की निदान दोन दात हलताना जाणवणार, हे आमच्या डेंटिस्ट मॅडमनाही दिसत होतं आणि मलाही.

मॅडमनी आजींच्या मुलीला बाजूला घेऊन नीट समजावलं. पण आजींनी हात माझा धरला. "बाळा, दात राहतील ना गं माझे?" मी सांगितलं की किटण तसंच ठेवलं तर हाड आणखी झिजेल, म्हणून काढणं गरजेचं आहे. आजींनी मान डोलावली, पण चेहऱ्यावरची भीती गेली नाही. त्या दिवशी वरचे दात झाले, खालच्यांसाठी पुढची तारीख दिली. त्या आल्याच नाहीत.

क्युरेट (किटण खरवडायचं हत्यार) कुठल्या कोनात धरायचा, बोटाचा आधार कुठे घ्यायचा, हे रोज घोटून घेतात. हात तयार होतोय. पण अशा पेशंटशी काम सुरू करण्याआधी तुम्ही नेमकं काय बोलता? खोटा धीर द्यायचा नाही आणि माणूस परतही यायला हवा. तुमचे शब्द हवेत मला.

---

उत्तर – राजवाड्याजवळची_ताई

अगं, प्रश्न वाचून बरं वाटलं. मी २० वर्षांहून जास्त काळ क्लिनिकमध्ये हेच काम करते आहे, आणि अजूनही रोज हे बोलावं लागतं.

माझी पद्धत सांगते. मशीन हातात घ्यायच्या आधी पेशंटच्या हातात आरसा. मग दोन उपकरणांच्या मुठी दाताच्या दोन बाजूंना लावून दात किती हलतो ते बघायचं आणि त्यांनाही दाखवायचं. "काकू, हा बघा, आत्ताच हलतोय. मी अजून काही केलेलं नाही." हे वाक्य आधी बोललं तर माहिती असते, नंतर बोललं तर सबब वाटते. केस पेपरवरही तेव्हाच लिहून ठेव, सोबत आलेल्या माणसासमोर.

दुसरं, पुढे काय होणार ते सगळं सांगून टाक. दातांमध्ये फटी दिसतील, कारण त्या किटणाने भरलेल्या होत्या. सुजलेली हिरडी खाली बसली की दात लांब वाटतील. थंड पाणी काही दिवस शिवशिवेल. ज्याला हे आधी माहीत असतं तो घाबरत नाही. ज्याला माहीत नसतं तो मात्र घरी जाऊन गल्लीभर सांगतो की दात खराब करून दिले, आणि त्याच्या शब्दावर आणखी चारजण यायचे थांबतात.

आणि सुरुवात कधीही सगळ्यात वाईट जागेपासून करू नकोस. वरच्या दाढांपासून कर, त्या आवाजाची आणि पाण्याची सवय होऊ दे. तू आजींचे वरचे दात आधी केलेस ते योग्यच झालं. फक्त उठण्याआधी त्यांना म्हणायचं, "आजी, वरच्या दाढांवरून जीभ फिरवून बघा, आता खालच्यांवरून फिरवा." तो फरक माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलतो.

मधुमेह, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर हे विचारल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, ते तुला शिकवलं असेलच. पण मधुमेहाचं विचारताना साखर किती आहे तेही विचार. ती हाताबाहेर असेल तर हिरडी भरून यायला वेळ लागतो, आणि खापर मात्र सफाईवर फुटतं.

---

उत्तर – निवृत्त दंतवैद्य, इंदूर

ताईंनी व्यवहार चोख सांगितला आहे. मी थोडी भर घालतो.

आजींच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे, आणि ते हो आणि नाही यांच्या मधलं आहे. दात हलण्यामागे दोन कारणं असतात, गेलेलं हाड आणि आत्ताची सूज. हाड सहसा आपसूक परत येत नाही. सूज मात्र उतरते. मूळ साफ झालं, घरी ब्रश नीट फिरला, की हलणारा दात थोडा घट्ट होताना मी असंख्य वेळा पाहिला आहे. म्हणूनच आपण ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा मोजतो. त्यामुळे सफाईआधीच म्हणावं, "आजी, काही दिवस जास्त हलल्यासारखं वाटेल. दीड महिन्याने पुन्हा मोजू. किती दात टिकतील ते डॉक्टर तेव्हा नीट सांगू शकतील." यात खोटं काही नाही, आणि परत यायला कारणही मिळतं. फारच हलणाऱ्या दातांना आधी तारेने किंवा फायबरने एकत्र बांधून मग स्केलिंग करता येतं. तो निर्णय डेंटिस्टचा, पण तू सुचवू शकतेस.

हेही लक्षात ठेव: १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये हायजिनिस्टची व्याख्या करताना दात साफ करणं आणि पॉलिश करणं याच्यासोबत दातांची निगा शिकवणं हेही लिहिलं आहे. तेव्हा पेशंटशी बोलण्यात गेलेली दहा मिनिटं तुझ्या कामाचाच भाग आहेत. ओपीडीत रांग लागली की पहिली कात्री त्यालाच लागते, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

आणि मशेरीवाल्या प्रत्येक पेशंटचा गाल, ओठाची आतली बाजू आणि जिभेखालची जागा बघितल्याशिवाय त्यांना उठू देऊ नकोस. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच वरिष्ठांना बोलाव. मशेरी लावणारे लोक "आम्ही तंबाखू खात नाही" असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात.

---

उत्तर – सुदामानगर_सूनबाई

मी या क्षेत्रातली नाही, पेशंटच्या बाजूने लिहिते. माझ्या सासऱ्यांना आधी गुटख्याची सवय होती. मध्य प्रदेशात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तर ते पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन हातावर एकत्र करायला लागले. हळूहळू तोंड उघडेना. पोह्यांवरची सेव तिखट लागते म्हणून बाजूला काढायला लागले, तेव्हा आमच्या लक्षात आलं. इंदूरचा माणूस सेव सोडतो म्हणजे काहीतरी गंभीर आहे.

दवाखान्यात तुझ्यासारखीच एक शिकाऊ मुलगी होती. तिने पट्टी लावून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजलं, २४ मिलिमीटर भरलं. तीन बोटं उभी जायला हवीत, यांची जेमतेम दोन जात होती. पुढचं निदान मोठ्या डॉक्टरांनी केलं. पण त्या मुलीने तो आकडा कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, हा तुमचा आकडा. पुढच्या वेळी वाढवून आणा." डॉक्टरांनी दिलेला आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायामही तिने बसून करून घेतला, दातांमध्ये एकेक काडी वाढवत न्यायची.

आमच्या घरात सगळ्यांनी समजावून, रागावून पाहिलं होतं. बाबा तंबाखू सोडायला तयार झाले ते त्या कार्डामुळे. ते शर्टाच्या खिशात असायचं. ज्या खिशात आधी पुडी असायची, त्याच.

आजींनाही त्यांचा आकडा लिहून दे ना.

---

हायजीन_दुसरंवर्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. आजींच्या मुलीचा नंबर केस पेपरवर आहे, मॅडमना विचारून आज फोन केला. गुरुवारी घेऊन येते म्हणाल्या. दोन हलणारे दात आधी बांधून घ्यायचं मॅडमशी बोलले, त्या बघून ठरवतील. आकडा मी मराठीत, ठळक लिहून देणार आहे.

ताई, एकच विचारायचं राहिलं. गुळण्यांसाठी मॅडमनी क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के लिहिलंय. आजींना कसं समजावू?

---

राजवाड्याजवळची_ताई

१० मिली, दिवसातून दोनदा, दोन आठवडे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यापुढे नाही. पेस्टने ब्रश केल्यावर अर्धा तास थांबून, नाहीतर पेस्टमुळे औषधाचा जोर कमी होतो. चव काही दिवस बदलेल, दातांवर तपकिरी डाग येऊ शकतात, ते आपण काढून देऊ हेही आत्ताच सांग. चहा गुळणीनंतर लगेच नको. आणि हे सगळं मुलीला सांगू नकोस गं, आजींना सांग. मुलीला फक्त ऐकू दे.