रविवारी चर्चमध्ये सर्मन (प्रवचन) ऐकून झालं, सोमवारी काय करता? अनुभव लिहा

निर्मळकर:
मे 2025 मध्ये नव्या पोपनी लिओ हे नाव घेतलं आणि 1891 चं 'रेरुम नोवारुम' हे कामगारांविषयीचं पोपचं पत्र पुन्हा चर्चेत आलं. तेव्हाचे पोप तेराव्या लिओंनी त्यात सरळ म्हटलंय की पोट भरण्यापुरतीही मजुरी मिळत नसेल, तर कामगाराने नाइलाजाने 'हो' म्हटलं तरी तो अन्यायच. फादर सांगतात, आपण माना डोलावतो. नाताळचं ब्लँकेटवाटप सोडून बाकीचं लिहा.

मोगरा:
बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला, "कामवाल्यांचे रेट कुणी परस्पर वाढवू नयेत." टाकणाऱ्या बाई मिस्साला (चर्चच्या प्रार्थनेला) बायबलचं वाचन करतात! मी लिहिलं, आमच्याकडे महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी, आजारपणाचे पैसे कापत नाही. ग्रुप गप्प. मग लिफ्टमध्ये टोमणे, "तुम्हाला परवडतं हो." पण मला खरं झापलं ते आमच्या कामवाल्या ताईंनीच. "भाभी, ग्रुपवर कशाला लिहिलंत? बाकीची चार घरं सुटतील माझी." आता वाढ द्यायची ती गुपचूप देते. ह्याला न्याय म्हणायचं का, मला तरी कळत नाही.

जुना_व्हिन्सेंशियन:
आमची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, गरिबांना मदत करणारी, 1833 मध्ये पॅरिसला कॉलेजच्या पोरांनी सुरू केली. त्यांच्यातला ओझानाम तेव्हा 20 वर्षांचा. नियम साधा, गरिबाच्या घरी जायचं, दोघांनी. एका विधवेकडे आम्ही दर महिन्याला तांदूळ-तेल पोचवत होतो. एकदा तिने पिशवी बाजूला ठेवली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद पुढे केले, "संजय गांधी निराधारचा अर्ज भरून द्या ना." उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूदाखला, रहिवासी दाखला. नावातल्या एका वेलांटीवरून तहसीलला हेलपाटे. पेन्शन सुरू झाली तशी तिने पिशवी बंद करायला सांगितली. आमच्यातले काही जण दुखावले, हेही सांगतो.

जालनेकर:
सगळं ठीक. पण आधी चर्चमधल्या आपल्याच बाकांकडे बघा. अनुसूचित जातींचा दर्जा कुणाला हे ठरवणाऱ्या 1950 च्या आदेशात 1956 ला दलित शीख आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. ते सरकारचं झालं. "तुम्ही मूळचे कोण?" हे मला मुलीच्या स्थळासाठी विचारलं ते चर्चच्या आवारात, मिस्सा सुटल्यावर.

मोगरा:
@जालनेकर, आमच्याकडेही विचारतात. आडनावावरून अंदाज बांधून.

गवंडीकाम:
मी छोटा कॉन्ट्रॅक्टर. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या धंद्यात ते द्यायला सगळे टाळतात, उद्या पीएफचं लफडं नको म्हणून. मी देतो. माझ्याकडच्या बिगारी बायकांचीही नोंदणी केली. त्यांना कुणी कामगार धरतच नव्हतं, "नवऱ्याबरोबर येते" म्हणायचे. हजेरीवहीत बाईचं नाव वेगळं लिहा आणि मजुरी तिच्याच हातात द्या. ठेकेदार सही देत नसेल तर ग्रामसेवकाकडून किंवा पालिकेकडूनही प्रमाणपत्र मिळतं. वसई-नालासोपाऱ्यात कुणाला फॉर्म भरायला मदत हवी असेल तर इथेच विचारा.