अमेरिकेत मूल ॲडमिट झालं की आपला नेहमीचा डॉक्टर का येत नाही? हे हॉस्पिटलिस्ट नक्की कोण?

ओहायोची_आई
नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात आमचं पिल्लू (७ महिने) आरएसव्ही या श्वसनाच्या व्हायरसमुळे तीन रात्री ॲडमिट होतं. आता घरी आहे, खेळतंय, खोकला आहे अजून. पण काही गोष्टी डोक्यातून जात नाहीयेत. एक तर आमची नेहमीची पेडियाट्रिशियन, जिने जन्मापासून बघितलंय, ती एकदाही फिरकली नाही. तिच्या क्लिनिकला फोन केला तर म्हणे तिकडे हॉस्पिटलिस्ट बघतात, आम्हाला रिपोर्ट येईल. दुसरं म्हणजे रोज सकाळी सात-आठ जणांचं वऱ्हाड दारात, त्यातली कॉलेजात असावी अशी दिसणारी मुलगी बाळाची सगळी कुंडली वाचणार आणि मेन डॉक्टरबाई नुसत्या मागे उभ्या. आणि औषध म्हणाल तर काहीच नाही हो, नाक सक्शन करायचं, हाय फ्लो ऑक्सिजन, बस. सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर रोज विचारायच्या, अगं नेब्युलायझर तरी लावलं का. शेवटच्या रात्री तर पायाला लावलेला ऑक्सिजनचा सेन्सरपण काढून टाकला, मी रात्रभर छाती वरखाली होते का बघत बसले. शिकाऊ पोरांच्या प्रॅक्टिससाठी आमचं बाळ वापरलं असं वाटतंय. चुकतंय का माझं?

वॉर्डातला_डॉक
ताई, बाळ बरं आहे हे वाचून आधी हुश्श केलं. मी हेच काम करतो, मिडवेस्टमध्येच, त्यामुळे माझं थोडं बाजू घेऊन असेल हे धरून चाला.

तुमची डॉक्टर आली नाही कारण आता तशी पद्धतच राहिली नाही. पूर्वी क्लिनिक उघडायच्या आधी सकाळी सातला येऊन आपापले पेशंट बघून जायचे, मग दुपारी दोनला बाळाचा श्वास वाढला तर फोनवर ऑर्डर. हॉस्पिटलिस्ट हा शब्द १९९६ मध्ये वॉक्टर आणि गोल्डमन या दोन डॉक्टरांनी एका लेखात वापरला तेव्हापासून रुळला, आधी मोठ्यांच्या वॉर्डात आणि मग मुलांच्या. कल्पना साधी आहे, जो दिवसभर वॉर्डातच आहे त्यानेच बघावं. २०१६ मध्ये मुलांच्या हॉस्पिटल मेडिसिनला वेगळी सबस्पेशालिटी म्हणून मान्यता मिळाली आणि २०१९ ला पहिली बोर्डाची परीक्षा झाली.

आता औषध न देण्याबद्दल. आरएसव्हीने बाळांना होतो त्या ब्राँकियोलायटिसमध्ये छोट्या श्वासनळ्या सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात, दम्यासारखं स्नायू आवळणं हा मुख्य प्रकार नसतो, म्हणून दम्याचं औषध नेब्युलायझरने देऊन बहुतेक बाळांना काही फरक पडत नाही, फक्त हृदयाचे ठोके वाढतात आणि घरच्यांना काहीतरी केल्याचं समाधान. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या गाईडलाईनमध्ये हे स्पष्टच लिहिलंय, ते नको, स्टेरॉईड नको. अँटिबायोटिकही नाही, जोपर्यंत वेगळं काही इन्फेक्शन सापडत नाही. सेन्सरचंही तसंच. ऑक्सिजन बंद झाल्यावर तो लावून ठेवला की झोपेत बाळाचा आकडा जरा खाली आला, अलार्म वाजला, परत ऑक्सिजन, असं करत चांगलं दूध पिणारं बाळ उगाच दोन दिवस जास्त अडकतं. हे काढणं मुद्दाम असतं. पण काढताना दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं तुम्हाला, ते झालेलं दिसत नाही आणि ती चूक आमच्याच लोकांची.

आणि ती कॉलेजातली मुलगी बहुधा इंटर्न, म्हणजे इकडची एमडी (आपल्या एमबीबीएससारखी पहिली डॉक्टरकीची पदवी) होऊन रेसिडेन्सीचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाचं, पहिलं वर्ष. तिने तुमच्या दारात उभं राहण्याआधी सहा वाजता येऊन बाळ तपासलेलं असतं, रात्रीच्या टीमकडून सगळं ऐकलेलं असतं. मागे उभ्या बाई ॲटेंडिंग, म्हणजे टीमच्या जबाबदार सीनियर डॉक्टर. मागे गप्प उभं राहणं हेच आमचं सगळ्यात अवघड काम आहे हो, खरंच सांगतो. इंटर्नने चुकीचं काही सांगितलं तर कधी बोलायचं, कधी तिलाच प्रश्न विचारून तिथपर्यंत न्यायचं, आणि हे सगळं आईसमोर, तिचा विश्वास न घालवता. पहिल्या वर्षी मी फार मध्ये मध्ये बोलायचो, एका सीनियरने बाजूला घेऊन सांगितलं की तू राऊंड घेतोस का कीर्तन करतोस.

ओहायोची_आई
कीर्तन 😄 बरं मग तुम्ही दिवसभर करता तरी काय? आम्हाला त्या बाई राऊंडनंतर एकदाच दिसल्या, दुपारी.

दोन_पाळ्या
मी सांगते, कारण माझी नोकरी वरच्या डॉकसारखी नाही. मी छोट्या गावातल्या साध्या हॉस्पिटलात आहे, मुलांचं मोठं हॉस्पिटल तिथून दीड तासावर. इथे रेसिडेंट-बिसिडेंट कोणी नाही. परवाचा दिवस सांगते. सकाळी नवजात बाळांची नर्सरी, एकाची कावीळ वाढली म्हणून लाईटखाली ठेवलं, तेवढ्यात सिझेरियनला पळाले कारण बाळाने पोटातच शी केलेली, ते बाहेर आलं आणि छान रडलं, देवाची कृपा. मग ईआरमधून (इमर्जन्सी विभागातून) फोन, तीन आठवड्यांचं बाळ तापाने आलंय. इतक्या लहान बाळाला ताप म्हणजे रक्त, लघवी आणि पाठीतलं पाणी, आईला समजवायला अर्धा तास. संध्याकाळी दम्याचा मुलगा बिघडायला लागला तर मोठ्या हॉस्पिटलला फोन आणि ट्रान्सपोर्ट टीम येईपर्यंत त्याच्या उशाशी उभी. शिकवणं म्हणाल तर माझ्या विद्यार्थिनी नर्सेस आहेत, आणि खरं तर त्याच मला जास्त शिकवतात.

मोठ्या ठिकाणी हेच लोक पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालेल्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना सर्जनच्या जोडीने बघतात, म्हणजे दुखणं, शौचाला होणं, ट्यूबमधून फीड, फिट्सची औषधं. सर्जन हाड बघतो, बाकी अख्खं मूल यांच्याकडे.

जी_ट्यूबवाला_बाबा
अख्ख्या मुलाचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमचा मुलगा ९ वर्षांचा, पोटात फीडिंग ट्यूब, गळ्यात ट्रेक (श्वासाची नळी), वर्षातून चारपाच वेळा ॲडमिट. हॉस्पिटलिस्ट लोकांमुळेच तो आहे हे मान्य, सहा स्पेशालिस्टना एका खोलीत आणणारं दुसरं कोणी नसतं. पण डॉक्टरसाहेब, तुमची वॉर्डातली आठवड्याची पाळी संपली की नवीन माणूस येतो त्याचं काय? एकदा बदलाच्या दिवशी नव्या टीमने फीडचा रेट जुन्याच कागदावरून लावला आणि रात्री मुलगा ओकला, मी जागा होतो म्हणून बरं. तेव्हापासून एक पान टाईप करून भिंतीला चिकटवतो, त्यावर औषधं, रेट, नॉर्मल असताना याचा ऑक्सिजन किती असतो, आणि खाली मोठ्या अक्षरात "आईबाबांना विचारा".

वॉर्डातला_डॉक
दादा, ते पान भारी, मी स्वतः असं पान असलं की त्यावरूनच राऊंड सुरू करतो. बदलाचा धोका खरा आहे, नाकारणार नाही. म्हणून तर रुग्ण सोपवताना ठरलेल्या क्रमाने बोलायची आय-पास पद्धत आणली. किती आजारी, थोडक्यात हकिगत, काय करायचंय, काय बिघडू शकतं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं. २०१४ मध्ये नऊ हॉस्पिटलांच्या मुलांच्या विभागांतला अभ्यास आला त्यात चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पण कागदावरची पद्धत आणि शुक्रवारी संध्याकाळचा दमलेला माणूस यात फरक असतोच.

मिरजेचा_बालरोग
मी इकडे २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय, स्वतःचं दहा खाटांचं हॉस्पिटल. वाचून गंमत वाटली, कारण इथे ओपीडीपण मीच, वॉर्डपण मीच, रात्री दोनला उठणारापण मीच, आईला माझा मोबाईल नंबर पाठ. मायेचं आहे, पण ओपीडीत साठ पेशंट बसलेले असताना वर वॉर्डातल्या बाळाकडे किती वेळा जाणं होतं ते मलाच माहीत. आणि नेब्युलायझरचं म्हणाल ताई, मीपण लावतो कधी कधी, फायदा नाही माहीत असून. आजी समोर बसलेली असते. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार.

जेआर३_नागपूर
मध्येच विचारतो, इथून एमडी पेडिएट्रिक्स करून तिकडे हॉस्पिटलिस्ट होता येतं का डायरेक्ट?

वॉर्डातला_डॉक
डायरेक्ट सहसा नाही रे. यूएसएमएलई, म्हणजे इकडची डॉक्टरकीच्या लायसन्सची परीक्षा, मग इकडची तीन वर्षांची रेसिडेन्सी परत. त्यानंतर नोकरी मिळू शकते, पण बोर्ड सर्टिफिकेट हवं तर आता वर दोन वर्षांची फेलोशिप. तीन वर्षं तेच काम करून वर दोन कशाला, यावर आमच्यातच भांडणं आहेत. वेगळा धागा काढ, इथे ताईंचा विषय आहे.

ओहायोची_आई
काढू दे हो, काही हरकत नाही. मिरजेच्या डॉक्टरांचा मेसेज सासूबाईंना वाचून दाखवला, म्हणाल्या बघ, लावतातच ना. 🤦 उद्या आमच्या पेडियाट्रिशियनकडे फॉलोअप आहे, हॉस्पिटलचा रिपोर्ट पोचला का ते आधी विचारते. खोकला किती दिवस राहील साधारण?

दोन_पाळ्या
दोन ते तीन आठवडे धर. दूध नीट पितंय आणि डायपर ओले होतायत ना, मग मोजत बसू नकोस. फासळ्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा दूध निम्म्यावर आलं तर मात्र उद्याची वाट बघू नको, लगेच ईआर.