डिग कमांड: सुरुवात कुठून करू?

चाटीगल्ली: आमच्या चादरींच्या दुकानाची वेबसाइट काल नव्या सर्व्हरवर हलवली. मोबाइलवर नवी दिसते, दुकानातल्या लॅपटॉपवर जुनीच. उबुंटू आहे. टर्मिनलवरून नेमकं कसं बघायचं?

होटगीरोड: 'डीएनएसयूटिल्स' पॅकेज टाका. मग डिग (डोमेनचा पत्ता विचारणारी कमांड), स्पेस, तुमचं डोमेन. बाकी पसारा सोडा, 'आन्सर सेक्शन'मधली ओळ वाचा: नाव, आकडा, आयएन, ए, शेवटी आयपी पत्ता. तो आकडा म्हणजे टीटीएल, उत्तर साठवून ठेवायची मुदत, सेकंदांत. ३६०० असेल तर जुनं उत्तर तासभर साठवून ठेवता येतं. कमांड परत परत चालवा, आकडा उतरताना दिसेल. हे एकदा डोळ्यांनी बघाच, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधायची यंत्रणा) तिथंच कळतं. मग डोमेनआधी @८.८.८.८ लावून गूगलच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारा.

चाटीगल्ली: उतरतोय की आकडा! ८.८.८.८ नवा पत्ता देतंय, नुसतं डिग जुना.

पूर्वभाग: मग तुमचा रेकॉर्ड (डोमेनच्या पत्त्याची नोंद) बरोबर आहे, सेटिंगला हात लावू नका. आकडा संपला की लॅपटॉपवरही नवी येईल. पुढच्या वेळी हलवायच्या आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करून ठेवा. दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना तर नक्कीच. उत्तर रूट सर्व्हरपासून (डीएनएसमधले सगळ्यात वरचे सर्व्हर) कुठल्या वाटेनं येतं ते बघायचं असेल तर डिगच्या शेवटी +ट्रेस जोडा.