मदत हवी आहे: जुन्या सामुराईत आधी लॉकर (अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारा भाग) बसवावा की अ‍ॅक्सल शाफ्ट (चाकांपर्यंत शक्ती नेणारे दांडे) बदलावेत?

माझ्याकडे सुझुकी सामुराई ही छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आस), 31 इंची टायर आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला शक्ती वाटणारा गिअरबॉक्स) कमी गतीचे गिअर बसवलेले आहेत. खडकाळ चढावर एकमेकांना तिरपी असलेली दोन चाके (उदा. पुढचे डावे व मागचे उजवे) हवेत गेली की ओपन डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी, लॉकर नसलेली गिअर-रचना) सगळी शक्ती त्याच चाकांतून वाया जाते. टायरमधील हवा कमी करून आणि ब्रेक हलका दाबून पाहिले, पण उपयोग मर्यादितच झाला. दोन्ही डिफरन्शिअलचे बेअरिंग व बॅकलॅश (गिअरच्या दातांमधील मोकळीक) तपासले असून ते ठीक आहेत.

गाडी रोजच्या रस्त्यावरही चालते, त्यामुळे डिफरन्शिअल वेल्ड करणे (म्हणजे दोन्ही चाके कायमची एकत्र जखडणे) मला अजिबात मान्य नाही. संपूर्ण अ‍ॅक्सल बदलण्याइतके बजेट नाही आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या लॉकरसाठी लागणारा एअर कॉम्प्रेसरही बसवलेला नाही. म्हणून मागे ऑटोमॅटिक लॉकर आणि पुढे केबलने किंवा विजेने चालणारा, गरज असेल तेव्हाच चालू करता येणारा लॉकर, असा विचार आहे. खरी काळजी पुढच्या अ‍ॅक्सलची आहे, कारण स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना लॉकर लागला तर सीव्ही जॉइंटवर (वळलेल्या चाकालाही शक्ती पोहोचवणारा सांधा) सर्वाधिक ताण येतो. शिवाय आज मूळ 26 स्प्लाइनचा (स्प्लाइन म्हणजे शाफ्टच्या टोकावरील खाचा) लॉकर घेतला आणि नंतर कधी जास्त स्प्लाइनचे शाफ्ट बसवले, तर तो लॉकर निरुपयोगी ठरेल.

अशा मांडणीत मूळ शाफ्ट व सीव्ही जॉइंट ठेवून पुढचा लॉकर वापरलेल्यांचा अनुभव काय आहे, आणि खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असल्यास 26 स्प्लाइनचेच क्रोमोली (अधिक मजबूत मिश्र पोलादाचे) शाफ्ट आधी घ्यावेत की मागच्या लॉकरपासून सुरुवात करावी?