मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन दिल्ली, दसऱ्याच्या सुट्टीत की दिवाळीनंतर?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. यंदा आई-बाबांना दिल्ली दाखवायचीच असं ठरलंय. गाडीचा प्रश्न नाही, बेळगावात गोवा एक्स्प्रेस धरली की दोन रात्री काढून थेट निजामुद्दीन. घोडं अडलंय ते तारखांवर.

आमच्याकडं कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला. ताई कोल्हापूरला दिलेली, तिच्या पोरांना सुट्टी दिवाळीला. सगळ्यांनी मिळून जायचं तर दोन्ही राज्यांची शिक्षण खाती एकदम प्रसन्न व्हायला पाहिजेत. ताई म्हणते, दिवाळी झाल्यावर निघूया, तोवर थंडी पडते. पण आईला दमा आहे आणि त्या दिवसांतल्या दिल्लीच्या बातम्या बघून मला धीर होत नाही. खरंच एवढं वाईट असतंय काय ओ?

बाबा मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त. त्यांना लाल किल्ला, कुतुबमिनार कशाचंच पडलेलं नाही. १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेनेत असताना शहीद झालेल्या त्यांच्या सोबत्याचं नाव इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरलेलं आहे, तेवढं बघायचं म्हणतात. तिथं हजारो नावं, त्यातून एक शोधायचं कसं? आईला मथुरा-वृंदावन पाहिजे.

आणि राहायचं कुठं? आम्ही मराठी, पण आधार कार्डावर कर्नाटक. महाराष्ट्र सदनात विचारायचं की कर्नाटक भवनात? (हसू नका, घरात यावरून खरंच वाद झालाय.)

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून लवकर सांगा की.

प्रतिसाद, एक दिल्लीकर:

दमा असेल तर दिवाळीनंतरचं नावच काढू नका. पंजाब-हरियाणात भात काढला की गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून शेतातली पराळी, म्हणजे भाताची उरलेली धसकटं, पेटवतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून हे सुरू होतं. त्याच सुमारास वारा पडतो, रात्री गारठा वाढतो आणि धूर वर जायचा सोडून शहरावरच बसून राहतो. वरून फटाके आणि गाड्या आहेतच. हवेचा निर्देशांक ४०० च्या पुढं गेला की 'गंभीर' म्हणतात, आणि नोव्हेंबरात तसे दिवस येतातच. सकाळी खिडकी उघडली की घसा सांगतो.

दसऱ्याच्या सुट्टीतले सुरुवातीचे दिवस धरा. दुपारी ऊन लागेल, पण सकाळ-संध्याकाळ चांगली असते. फक्त ऐन दसऱ्याला लाल किल्ल्याकडं जाऊ नका, रामलीलेच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. लाल किल्ला आणि अक्षरधाम सोमवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी.

स्मारकाला संध्याकाळी जा, तिकीट नाही. नावं त्यागचक्राच्या गोल भिंतींवर आहेत, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर सोनेरी अक्षरांत एकेक नाव. तिथल्या स्क्रीनवर नाव टाकलं की कुठल्या भिंतीवर आहे ते कळतं. सोबत्याचं पूर्ण नाव आणि पलटण बाबांकडून आधीच लिहून घ्या, एकसारखी नावं बरीच निघतात.

मथुरेसाठी वेगळी धावपळ नको. तुमची गोवा एक्स्प्रेस मथुरेला थांबते. जातानाच तिथं उतरा, मुक्काम करा, मग दिल्ली. राहायला पहाडगंजजवळचं बृहन्महाराष्ट्र भवन आधी विचारून बघा, म्हणजे घरातला वादही मिटेल.

मूळ धागाकर्ता:

लई उपकार झाले. बृहन्महाराष्ट्र ऐकून बाबा खूश, आमची सोय तिथंच म्हणाले. ताईला सांगितलं, ती पोरांची चार दिवस शाळा बुडवायला तयार आहे, भावजी अजून नाहीत.

आता एकच. बाबांचे गुडघे दुखतात, दोघांनाही खालचाच बर्थ पाहिजे. ज्येष्ठांच्या कोट्यातून त्या दोघांचं तिकीट वेगळं काढलं तर आम्हाला त्याच डब्यात जागा मिळायला काय करायचं? कुणी अलीकडं काढलं असेल तर सांगा.