खरी गळती मोजणीच्या टेबलावर
संस्थेला मिळालेल्या देणग्या ब्लॉकचेनवर, म्हणजे एकमेकांना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींच्या डिजिटल खातेवहीत, नोंदवल्या की अफरातफर आपोआप थांबेल, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. प्रत्येक ब्लॉकमध्ये (नोंदींच्या गठ्ठ्यात) आधीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला डिजिटल ठसा, असतो, त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही, हे खरं. बिटकॉइन या डिजिटल चलनाची २००९ पासूनची खातेवही आजही कुणालाही तपासता येते. पण ते जमतं कारण तिच्या प्रती असंख्य परक्या लोकांकडे आहेत. सगळे नोड, म्हणजे या प्रती ठेवणारे संगणक, संस्थेच्याच ताब्यात असतील, तर साखळी पुन्हा लिहायला कितीसा वेळ लागणार?

आणि दानपेटीतली रोकड? मोजणाऱ्याने दहा गड्ड्यांऐवजी नऊ लिहिल्या, तर ते खोटंच कायमचं पक्कं होतं. मोजायला दात्यांपैकी कुणीतरी बसलंच पाहिजे. खर्चासाठी मात्र पाचपैकी तीन विश्वस्तांच्या डिजिटल सह्यांशिवाय पैसे हलणारच नाहीत अशी सोय करता येते. मला तिथे जास्त दम वाटतो.

एक कळकळीची विनंती: दात्यांची नावं साखळीवर टाकू नका. तिथे गेलेलं पुसता येत नाही, आणि गुप्तदान करणाऱ्याचा तो विश्वासघात ठरेल. पावती क्रमांक नि रक्कम पुरे, ज्याची त्याला ताडून पाहता येईल.