जुन्या सॉफ्टवेअरची माहिती ठेवणारा नाशिकचा ग्रुप हवा की नको?

शालिमारचा डीटीपीवाला
मागच्या महिन्यात एक काका देवस्थानच्या स्मरणिकेची सीडी घेऊन आले. १९९८ चं काम, पानं मांडायच्या पेजमेकर ६.५ या सॉफ्टवेअरमधलं. फाईल उघडली तर मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा खच. त्या काळी प्रत्येक फॉन्ट कंपनीचं एन्कोडिंग (अक्षरांना दिलेले संकेतांक) वेगळं, त्यामुळे नेमका तोच फॉन्ट हवा. शेवटी पंचवटीतल्या एका निवृत्त ऑपरेटरांकडे, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेल्या सीडीवर तो सापडला. दोन दिवस गेले. काका दुकानातच बसून होते, कारण त्या स्मरणिकेत त्यांच्या वडिलांचा लेख होता.

म्हणून म्हणतो, ग्रुप काढू. त्यात फक्त माहिती टाकायची: नाव, आवृत्ती, कोणत्या विंडोजवर चालतं, कुठे मिळतं, परवाना कसला. फाईल एकही नाही.

अंबड एमआयडीसी
माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे. अशाच एका ग्रुपवरून आमच्या पोराने सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्रॅम पाठवायचं जुनं सॉफ्टवेअर घेतलं. 'फुल व्हर्जन' म्हणे! पीसीवरचे सगळे प्रोग्रॅम लॉक झाले, मशीन तीन दिवस उभं. नियम पहिल्या आठवड्यापुरते असतात. नंतर कोणीतरी 'प्लीज लिंक' लिहितो आणि कोणीतरी देतो.

शालिमारचा डीटीपीवाला
दादा, म्हणूनच फाईल नको म्हणतोय. १९९० मध्ये मॅकगिल विद्यापीठात 'आर्ची' तयार झालं, तेव्हा त्यात फाईली नव्हत्याच. फाईली ठेवणाऱ्या कोणत्या एफटीपी सर्व्हरवर काय आहे, एवढीच यादी होती, आणि तेवढ्यावर लोकांची कामं व्हायची. आपणही नोंदीसोबत चेकसम (फाईलवरून काढलेला तिचा ओळख-आकडा) लिहू.

अंबड एमआयडीसी
चेकसम फाईल तीच आहे एवढं सांगतो. ती चांगली आहे असं सांगत नाही. पहिलीच फाईल खराब असेल तर?

कॉलेज रोड
मला ग्रुपच पटत नाही. व्हॉट्सॲपवर आज लिहिलेलं पुढच्या दिवाळीला कोण शोधणार? शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जाईल. प्रोग्रॅमचा कोड ठेवायची गुगल कोडसारखी जागासुद्धा २०१६ मध्ये बंद झाली, मग आपला ॲडमिन किती टिकेल? फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेचं सॉफ्टवेअर हेरिटेज त्याच वर्षापासून जगभरचा कोड साठवतंय. जुन्या वेबसाइट आणि फाईली जपणारं इंटरनेट आर्काइव्ह तर १९९६ पासून आहे. जे आहे ते वापरा.

नाशिकरोडची टायपिस्ट
दादा, सॉफ्टवेअर हेरिटेज सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, साठवतं. आपल्या मराठी फॉन्ट पॅकेजांचा सोर्स कंपन्यांनी कधी उघड केला? आणि फाईल मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. जुन्या पॅकेजांचा सेटअप बऱ्याचदा १६-बिट असतो, ६४-बिट विंडोज तो चालवतच नाही. पेजमेकरच्या फाईली त्याच्या जागी आलेलं इनडिझाईन सीएस६ आवृत्तीपर्यंतच उघडतं, पुढच्या आवृत्त्या नाही. अमुक फॉन्टमध्ये रफार कोणत्या कीवर आहे, हे माझ्या बोटांना माहीत आहे. मी वीस वर्षं टाईप केलंय. हे पॅरिसमध्ये बसलेल्याला कसं कळणार? ते विचारायला माणसं लागतात, म्हणजे ग्रुप लागतो. मात्र उत्तर मिळालं की त्याच दिवशी ते एका सामायिक शीटमध्ये (तक्त्यात) गेलं पाहिजे, इथे कॉलेज रोडचं बरोबर आहे.

गंगापूर रोड, वकील
एक गोष्ट स्पष्ट करतो. कंपनी बंद पडली म्हणून कॉपीराइट संपत नाही. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत असलेल्याला स्वतःसाठी बॅकअप काढू देतं, वाटू देत नाही. कुठल्या गोष्टीचा परवाना कसला आहे हे लिहायला काहीच अडचण नाही. 'क्रॅक (परवान्याचं कुलूप तोडणारी फाईल) इथे मिळेल' असं लिहिलंत, तर पुढे माझ्याकडे यावं लागेल.

अंबड एमआयडीसी
ताईंचं रफाराचं म्हणणं पटलं. आमच्याकडेही तसंच आहे. मशीन पीसीला जोडणाऱ्या आरएस-२३२ केबलमध्ये कुठल्या पिनला कुठली पिन जोडायची, बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) किती, पॅरिटी (चूक पकडायची खूण) कुठली, हे एका म्हाताऱ्या फिटरच्या वहीत आहे आणि ते पुढच्या वर्षी गावी चाललेत. त्या पानांवरून माझ्या हाताने शीट भरून देतो. ग्रुपला मात्र माझा विरोध कायम. काढलातच, तर मेसेज फक्त ॲडमिनला टाकता येईल असं ठेवा. प्रश्न त्यांच्याकडे पाठवायचे, तपासून ते टाकतील. उशीर झाला तरी चालेल.

शालिमारचा डीटीपीवाला
मान्य. ताई, रफारापासून सुरुवात करूया? काकांची सीडी अजून माझ्याकडेच आहे.